ऑगस्टिन फ्रेनेल: एका इंजिनियराचे चरित्र

पदार्थविज्ञानाच्या तासाला जी थोर नावे विद्यार्थ्यांच्या कानी पडतात, त्यांत न्यूटनचे नाव सर्वांस पाठ असते. फ्रेनेलचे नाव मात्र परीक्षेपुरते लक्षात राहते व पुढे विसरले जाते. ह्या नावात मूळ फ्रेंच लेखनात एक ‘स’ असतो, पण तो उच्चारीत नाहीत. एवढी अडचणही त्या विस्मरणास पुरेशी होत असावी असे आम्हांस वाटते. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी दीपगृहाचा झोत समुद्रावरून फिरत जाताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी, नाव ठाऊक नसता, ह्याच पुरुषाच्या बुद्धीचे फळ पाहिले आहे. त्याचे आयुष्य अवघे एकोणचाळीस वर्षांचे. त्यातही शास्त्रास वाहिलेली वर्षे फार तर बारा. तेवढ्या अवधीत त्याने जे केले त्याची हकीकत आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतातील ब्रोग्ली ह्या गावी 10 मे 1788 रोजी ऑगस्टिन झां फ्रेनेल जन्मास आला. बाप वास्तुशिल्पी होता. आई सुशिक्षित घराण्यातील होती. तिचा भाऊ लेओनोर मेरिमे हा नामांकित चित्रकार असून रंगांच्या रसायनाचाही जाणता होता. दुसऱ्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. काही वर्षांनी हे कुटुंब कां शहराजवळच्या माथ्यू नावाच्या खेड्यात राहावयास गेले, आणि मुलांचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले. घरातील वळण धार्मिक व कडक होते.

ऑगस्टिन हा अभ्यासात मंद म्हणून गणला जाई. प्रकृती तोळामासाची, पाठांतराचा कंटाळा, आणि वयाच्या आठव्या वर्षीही त्यास धड वाचता येत नव्हते. ज्यांची मुले आज पाढे म्हणताना अडखळतात त्या मातापित्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. घरातील वडीलधारे त्यास मठ्ठ समजत असता गल्लीतील सवंगडी मात्र त्यास मोठा प्रज्ञावंत मानीत. कारण खेळातल्या धनुष्यास कोणत्या झाडाची फांदी उत्तम, खेळातल्या बंदुकीची नळी किती लांब व किती रुंद असावी, ह्याचे प्रयोग करून त्याने ती खेळणी इतकी प्रभावी बनविली की, अखेरीस सर्व मुलांच्या आईबापांनी एकत्र जमून त्यांवर बंदी घातली. जे मूल पाठ म्हणू शकत नाही ते मोजमाप घेऊ शकते, हे त्या आईबापांच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे.

पुढे कां येथील शाळेत गणिताने त्याचे मन धरले. सोळाव्या वर्षी, म्हणजे 1804 साली, पॅरिसच्या प्रख्यात पॉलिटेक्निक विद्यालयात त्याचा प्रवेश झाला. तेथून रस्ते व पूल बांधणाऱ्या सरकारी इंजिनियरांच्या विद्यालयात तीन वर्षे काढून 1809 साली तो इंजिनियर झाला. ह्याच वर्षी त्याचा वडील भाऊ लुई स्पेनच्या लढाईत मारला गेला. ऑगस्टिनच्या वाट्यास मात्र रस्त्यांची माती आली. प्रथम वांदे प्रांतात, नंतर दक्षिणेस नियों नावाच्या लहान गावी, डोंगरातून जाणाऱ्या सडकेवर त्याची नेमणूक झाली. मजुरांवर देखरेख करणे, खर्चाचे आकडे जुळविणे, वरिष्ठांस अहवाल पाठविणे ह्यात दिवस जात, आणि दरडावून काम घेणे त्याच्या स्वभावास मुळीच मानवत नसे. संध्याकाळी एकटा बसून तो प्रकाशाविषयी विचार करू लागला. 1814 साली त्याने धाकट्या भावास पत्र लिहून प्रकाशाच्या ध्रुवणाविषयीचे लिखाण मागविले. कारण त्या शब्दाचा अर्थही त्यास तेव्हा ठाऊक नव्हता. सात वर्षांनी त्याच ध्रुवणाचे रहस्य त्याने जगास उलगडून दाखविले.

1815 च्या मार्च महिन्यात नेपोलियन एल्बा बेटातून निसटून परत आला. फ्रेनेल राजपक्षाचा. तो शिपाईगिरीस सर्वथा अपात्र, तरी प्रकृतीची पर्वा न करता राजाच्या सैन्यात दाखल होण्यास गेला. त्या सैन्याचा टिकाव लागला नाही. नियोंला परतल्यावर लोकांच्या जमावाने त्याची विटंबना केली. नोकरीवरून त्यास दूर करण्यात आले व पोलिसांची पाळत बसली. शेवटी आईकडे माथ्यू येथे जाऊन राहण्याची त्यास परवानगी मिळाली. ही नामुष्की घडली नसती तर आणखी कित्येक वर्षे तो सडकांवरच फिरत राहिला असता! वाटेत पॅरिसला त्याने फ्रांस्वा आरागो नावाच्या तरुण ज्योतिर्विदाची गाठ घेतली. इंग्लंडमधील टॉमस यंग ह्या डॉक्टराने प्रकाश ही लहर आहे असे प्रतिपादिले असून ते ग्रंथ वाचावे, असे आरागोने सुचविले. फ्रेनेलला इंग्रजी येत नव्हते. तेव्हा वाचण्याऐवजी स्वतःच प्रयोग करणे त्यास प्राप्त झाले.

येथे त्या वादाचे थोडे स्पष्टीकरण करणे अवश्य आहे. प्रकाश हा अतिसूक्ष्म कणांचा वर्षाव आहे, असे न्यूटनच्या अनुयायांचे मत होते व विद्वानांच्या मंडळात त्याचेच प्राबल्य होते. प्रकाश सरळ जातो व पदार्थाची छाया रेखीव पडते, हा त्यांचा मोठा आधार. पाण्यावरील लाट खडकास वळसा घालून पलीकडे जाते, हाक कोपऱ्याआडूनही ऐकू येते. मग प्रकाश लहर असेल तर तो का वळत नाही, असे ते विचारीत. पण बारकाईने पाहिले असता छायेची कड रेखीव नसते. बारीक छिद्रातून आलेल्या प्रकाशात एखादी तार धरावी, तर तिच्या छायेच्या कडेने उजळ व काळ्या रेघा दिसतात, इतकेच नव्हे तर खुद्द छायेच्या आतही रेघा असतात. प्रकाशाच्या ह्या वळण्यास विवर्तन म्हणतात. रेघा सर्वांनी पाहिल्या होत्या. त्या ठरावीक जागीच का पडतात, हे आकड्यांनी कोणी सांगितले नव्हते.

माथ्यूच्या घरात प्रयोगशाळा नव्हती. गावातील कुलपे करणाऱ्या कारागिराकडून फ्रेनेलने काही सामान घडवून घेतले. सूर्यकिरण एका बिंदूत एकवटण्यास लहानशा भिंगाची गरज होती. ते मिळेना, तेव्हा तांब्याच्या पत्र्यास बारीक भोक पाडून त्यात त्याने मधाचा थेंब बसविला, आणि त्या थेंबाने भिंगाचे काम केले. पडद्यावर रेघा पाहण्याऐवजी भिंग डोळ्यांशी धरून त्या थेट पाहाव्या, म्हणजे अगदी फिकट रेघांचेही मोजमाप घेता येते, ही युक्तीही त्याचीच. मग एके दिवशी त्याने तारेच्या एका कडेस काळ्या कागदाची पट्टी चिकटविली. त्याबरोबर छायेच्या आतील रेघा नाहीशा झाल्या! दुसऱ्या बाजूने प्रकाश पूर्ववत येतच होता. तथापि रेघा नाहीत. अर्थात त्या रेघा कोणत्याही एका बाजूच्या प्रकाशाच्या नसून दोन्ही बाजूंचे प्रकाश एकमेकांत मिसळल्याने होतात. जेथे लहरीच्या माथ्यावर माथा येतो तेथे उजेड, जेथे माथ्यावर खळगा येतो तेथे अंधार. प्रकाशात प्रकाश मिळविला असता काळोख होऊ शकतो, ही गोष्ट कणांच्या मताने कशी सिद्ध व्हावी?

1815 च्या ऑक्टोबरात त्याने आपला निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे धाडला. आरागोने कळविले की, ह्यातील पुष्कळसे यंगने पूर्वीच शोधिले आहे. दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता अथवा भांडत सुटला असता. फ्रेनेलने यंगचा अग्रमान मोकळ्या मनाने कबूल केला व पुढे चालू लागला. उभयतांत शेवटपर्यंत स्नेहाचा पत्रव्यवहार राहिला. शास्त्रज्ञांच्या इतिहासात हे दृश्य वाटते तितके सामान्य नाही.

मध्यंतरी त्यास नोकरी परत मिळाली होती, परंतु रजा काढून काढूनच शास्त्राचे काम करावे लागे. अकादमीने 1819 सालच्या बक्षिसासाठी विवर्तन हाच विषय जाहीर केला. परीक्षक पाच: लाप्लास, बियो व प्वासाँ हे तिघे कणपक्षाचे कट्टर अभिमानी, गे-लुसाक हा तटस्थ, आणि आरागो एकटा लहरींच्या बाजूचा. असल्या न्यायासनापुढे 1818 साली फ्रेनेलने आपला मोठा निबंध ठेविला.

त्यातील मुख्य कल्पना अशी. लहरीचा प्रत्येक बिंदू हा स्वतःच एका नव्या लहानशा लहरीचे उगमस्थान होतो, हे हॉलंडच्या हायगेन्सने 1690 साली म्हटलेच होते. फ्रेनेलने त्यास यंगच्या मिश्रणाची जोड दिली. पुढील कोणत्याही ठिकाणी किती उजेड पडेल हे काढावयाचे तर त्या सर्व लहान लहरी तेथे कोणत्या अवस्थेत पोहोचतात ते पाहावे आणि माथ्याखळग्यांसह सर्वांची बेरीज करावी. जेथे अडथळा आहे तेथील लहरी बेरजेतून गाळाव्या. कल्पना एवढीच; पण ही अगणित संख्यांची बेरीज आहे, आणि ती त्याने हाताने आकडे मांडून केली व रेघांच्या मोजलेल्या जागांशी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या.

प्वासाँ हा गणितात अत्यंत तीक्ष्ण. त्याने निबंध वाचला व त्यातील एक छिद्र शोधून काढले, असे त्यास वाटले. वाटोळ्या तबकडीच्या छायेच्या नेमक्या मध्यावर, ह्या हिशेबाने, लख्ख उजळ ठिपका पडला पाहिजे. जणू तबकडी तेथे नाहीच! ही गोष्ट सामान्य बुद्धीस हास्यास्पद, म्हणून सिद्धांत खोटा. वस्तुतः हिशेब सरळ आहे: तबकडीच्या कडेचा प्रत्येक बिंदू छायेच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून सर्व कडेच्या लहरी तेथे पावलास पाऊल मिळवून पोहोचतात. आरागोने वाद घातला नाही. त्याने दोन मिलिमीटर व्यासाची धातूची तबकडी मेणाने काचेवर चिकटविली व पाहिले. काळ्या छायेच्या मध्यभागी ठिपका चमकत होता. गमतीची गोष्ट ही की, असा ठिपका सुमारे शंभर वर्षांपूर्वी एकदोघांनी पाहून नोंदविलाही होता. पण त्याचा अर्थ न कळल्याने कोणाच्या स्मरणात तो राहिला नव्हता. 1819 च्या मार्चमध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळाले. आज त्या ठिपक्यास प्वासाँचे नाव आहे, आणि प्वासाँचे मत मात्र तेव्हाही पालटले नाही!

येथे थोडे विषयांतर करण्याची वाचक अनुज्ञा देतील अशी आशा आहे. कारण फ्रेनेलच्या बेरजेची थोरवी त्याशिवाय ध्यानात येणार नाही. ती बेरीज प्रकाशापुरती नाही. लहर कशाची आहे हे तीत कोठेच विचारलेले नाही. ज्या लहरींची त्या काळी कोणास कल्पनाही नव्हती, त्यांसही ती लागू पडते, आणि त्यांपैकी लोहचुंबकातील लहरींचे उदाहरण आम्हांस विशेष मनोरंजक वाटते.

चुंबकातील प्रत्येक अणू हा स्वतः एक चिमुकला चुंबक असतो, व ते सर्व एकाच दिशेस तोंड करून उभे असतात. त्यांतील एकास धक्का दिला तर तो मंदावलेल्या भोवऱ्याप्रमाणे डुलू लागतो. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला म्हणजे ताटे जागच्या जागी राहतात आणि लाट पुढे जाते. पण शेतातील ताटे सुटी असतात, हे अणू मात्र शेजाऱ्यांशी जणू अदृश्य दोरांनी जखडलेले असतात. म्हणून एकाचे डुलणे दुसऱ्यास, दुसऱ्याचे तिसऱ्यास लागते, आणि डुलण्याची लहर चुंबकातून पसरत जाते. अशा लहरी असल्या पाहिजेत हे स्वित्झर्लंडच्या फेलिक्स ब्लोखने 1930 साली गणिताने दाखविले. इलेक्ट्रॉनाच्या फिरकीस इंग्रजीत स्पिन म्हणतात, त्यावरून ह्यांस स्पिन लहरी हे नाव पडले.

ह्या लहरी पाहावयाच्या तर चुंबकाचा अत्यंत पातळ पापुद्रा लागतो. यिट्रियम, लोखंड व प्राणवायू ह्यांपासून केलेला एक स्फटिक ह्या कामी उत्तम, कारण त्यात लहर लवकर विरत नाही. स्फटिकाचा केसाहूनही पुष्कळ पातळ थर, त्यावर धातूची अरुंद पट्टी, आणि पट्टीतून सेकंदास अब्जावधी वेळा दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह, एवढे जमले की पट्टीखालचे अणुचुंबक डुलू लागतात व लहर थरात पसरते. पट्टी आखूड असेल तर तिच्यापासून निघालेली लहर अरुंद फटीतून आलेल्या प्रकाशाप्रमाणेच वागते: काही अंतरापर्यंत जोरकस व क्षीण पट्टे आलटून पालटून दिसतात, आणि पुढे ती पंख्यासारखी रुंदावते. पट्टीच्या प्रत्येक बिंदूपासून एक लहान लहर निघाली असे धरून बेरीज केली की हे पट्टे कोठे पडतील ते सांगता येते. 2018 साली ह्या विषयावर जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात ह्या प्रकारास फ्रेनेलचेच नाव दिलेले आहे.

मात्र एक भेद आहे. थरातील चुंबकत्व थरास लंब, म्हणजे उभे असेल, तर लहर सर्व दिशांस सारखी जाते, तळ्यात खडा टाकल्याप्रमाणे. तेथे जुना हिशेब जवळजवळ जसाच्या तसा चालतो. चुंबकत्व थराच्या पातळीत आडवे असेल तर लहरीची लांबी दिशेगणिक बदलते. लहरीचे माथे एकीकडे सरकतात व तिची शक्ती भलतीकडेच वाहते. कधी कधी तर पट्टीच्या टोकापासून अरुंद तिरपे झोत फुटतात, जसे प्रकाशाच्या बाबतीत मोकळ्या हवेत कधीच होत नाही. तेथेही बेरजेचा नियम मोडत नाही. प्रत्येक दिशेस तिची तिची लांबी घालावी लागते एवढेच. आणि ह्या डोळ्यांस अगोचर लहरी शास्त्रज्ञ कशाने पाहतात? प्रकाशाने! थरावर लेसरचा बारीक किरण टाकतात. लहर असेल तेथून परतणाऱ्या प्रकाशाच्या अल्प भागाचा रंग यत्किंचित बदलतो, आणि त्यावरून लहरीचा नकाशा काढतात. विजेचा प्रवाह न वाहता संदेश पोहोचत असल्याने गणकयंत्रांत ह्यांचा उपयोग करावा, असाही प्रयत्न चालू आहे.

आता पुन्हा फ्रेनेलकडे वळू. 1821 साली त्याने त्याहून धाडसाचे पाऊल टाकले. प्रकाशाची लहर ध्वनीप्रमाणे पुढेमागे होत नसून दोरी हलविल्याप्रमाणे आडवी कापते, असे त्याने प्रतिपादिले, आणि ध्रुवणाचे सारे कोडे सुटले. हे विधान त्या काळी इतके विलक्षण वाटले की, आजवरचा पाठीराखा आरागो हाही त्याखाली आपले नाव घालण्यास कचरला. फ्रेनेलने एकट्याच्या नावावर ते प्रसिद्ध केले. आडव्या लहरी हे मत पुढे सर्वमान्य झाले.

इकडे 1819 पासून दीपगृहांच्या मंडळाचे काम त्याच्याकडे आले होते. त्या वेळी दिव्यामागे चकचकीत धातूचे आरसे बसवीत, आणि त्यांत पुष्कळ प्रकाश वाया जाई. मोठे भिंग लावावे तर काच इतकी जाड व जड होई की ती ओतणेही कठीण. फ्रेनेलने भिंगाचे वाटोळे कप्पे कल्पून प्रत्येकातील निरुपयोगी जाडी काढून टाकली व केवळ वक्र कडा ठेविल्या. अशा कड्यांच्या भिंगाचा दिवा 25 जुलै 1823 रोजी जिरोंद नदीच्या मुखावरील कोर्दुआं दीपगृहात प्रथम लागला. ह्या जातीची भिंगे पुढे जगभरच्या दीपगृहांत गेली व आपल्या पश्चिम किनाऱ्यासही पोहोचली. किती खलाशी त्यामुळे सुखरूप घरी परतले ह्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

त्याच वर्षी अकादमीने त्यास एकमताने सभासद निवडले. पण क्षयाने शरीर पोखरले होते. पॉलिटेक्निकमध्ये परीक्षक म्हणून तासन् तास बसण्याचे श्रम, दीपगृहांचे हिशेब आणि रात्रीचे संशोधन, असा तिहेरी भार होता. 1824 साली रक्ताची उलटी झाली, तेव्हा परीक्षकाचे काम त्यास सोडावे लागले. जी थोडी शक्ती उरली ती त्याने दीपगृहांस दिली. यंगला लिहिलेल्या एका पत्रात त्याने म्हटले आहे की, विद्वानांच्या स्तुतीपेक्षा एखादे सत्य हाती लागल्याचा आनंद त्यास नेहमीच अधिक वाटला.

1827 च्या उन्हाळ्यात त्यास पॅरिसनजीक विल-दाव्रे येथे नेण्यात आले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास रम्फर्ड पदक दिले होते. ते घेऊन आरागो त्याच्या बिछान्यापाशी आला. हाताने पदक नीट धरवेना इतका तो क्षीण झाला होता. आई जवळ होती. 14 जुलै 1827 रोजी त्याने देह ठेविला. दीपगृहांचे राहिलेले काम धाकटा भाऊ लेओनोर ह्याने हाती घेतले, आणि कित्येक वर्षांनी थोरल्या भावाचे लिखाण एकत्र छापून काढण्याच्या कामीही तोच झटला.